वृत्ती आणि व्यवसाय : एका न लिहिलेल्या प्रबंधाविषयी

१

मराठीतील ‘वृत्ती’ हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. मनाचा कल, स्वभावाची घडण हा त्याचा एक अर्थ. उपजीविकेचे साधन, विशेषतः वंशपरंपरेने चालत आलेले काम आणि त्या कामाचा हक्क, हा दुसरा. जोशीवृत्ती, भिक्षावृत्ती या प्रयोगांत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात. काव्यशास्त्रात अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्तींनाही वृत्ती म्हटले जाते. आणि सूत्रग्रंथावरील विवरणालाही वृत्ती हेच नाव आहे. म्हणजे माणसाचा स्वभाव, त्याचे पोट, शब्दाचा अर्थ आणि त्या अर्थावरील भाष्य अशा चार गोष्टी या एका शब्दाने धरून ठेवल्या आहेत. ‘व्यवसाय’ या शब्दाला ती सोय नाही. तो पोटाविषयी बोलतो आणि थांबतो.

प्रस्तुत लेखाचा विषय वैयक्तिक आहे. मराठीचा प्राध्यापक व्हावे, समीक्षालेखन हेच आयुष्याचे काम मानावे, असा विचार मी काही वर्षे गंभीरपणे केला, आणि नंतर तो बाजूला ठेवून तलाठ्याची नोकरी पत्करली. या निर्णयामागची विचारप्रक्रिया येथे मांडावयाची आहे. अशा विषयाला समीक्षेच्या नियतकालिकात जागा कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे समीक्षेची तत्त्वे, पद्धती, परिभाषा यांची चर्चा भरपूर झाली. मात्र समीक्षा कोण करतो, कशाच्या आधारावर करतो, आणि जो करू शकला असता तो का करीत नाही, याची चर्चा क्वचितच होते. समीक्षा ही वृत्ती की व्यवसाय, हा प्रश्न तत्त्वाच्या पातळीवर सोडवता येईल असे मला वाटत नाही. एखाद्या आयुष्यात तो कसा उभा राहिला, हे पाहूनच त्याच्याजवळ जाता येते.

२

माझे गाव आजच्या घनसावंगी तालुक्यात, जांबपासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर. हा भाग पूर्वी अंबड तालुक्यात मोडे, आणि अंबड औरंगाबाद जिल्ह्यात. जालना जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९८१ रोजी. दक्षिणेला गोदावरी, पलीकडे बीड. जायकवाडीचा डावा कालवा ज्यांच्या शिवारातून गेला त्यांचा ऊस, आणि ज्यांच्या शिवारातून नाही गेला त्यांची कापूस-बाजरी, अशी सरळ विभागणी. आमचे शिवार दुसऱ्या प्रकारातले.

जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. शके १५३० म्हणजे १६०८ सालच्या रामनवमीला ठोसर घराण्यात त्यांचा जन्म झाला. या घराण्याकडे गावचे कुलकर्णीपण होते असे चरित्रकार सांगतात. वडील सूर्याजीपंत; थोरले बंधू गंगाधरपंत, ज्यांना संप्रदायात ‘श्रेष्ठ’ म्हणतात. विवाहाच्या मांडवात भटजींच्या तोंडून ‘सावधान’ हा शब्द ऐकताच बाल नारायण बोहल्यावरून निघून गेला, ही कथा महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. पुढे नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षे तप, मग बारा वर्षे देशाटन, असा क्रम परंपरा देते.

या कथेच्या ऐतिहासिकतेविषयी मतभेद असू शकतात; माझे लक्ष तिच्या रचनेकडे आहे. ‘सावधान’ हा मंगलाष्टकांतला ठराविक शब्द. प्रत्येक लग्नात तो उच्चारला जातो आणि कोणीच तो ऐकत नाही, कारण त्याचा अर्थ झिजून केवळ संकेत उरला आहे. त्या मुलाने त्याची अभिधा जागी केली. व्हिक्टर श्क्लोव्ह्‌स्कीने १९१७ साली ‘अपरिचितीकरणा’ची संकल्पना मांडली; तिचे आपल्या परंपरेतील याहून नेमके उदाहरण मला सापडलेले नाही. फरक इतकाच की येथे शब्द अपरिचित करणारा कवी नसून श्रोता आहे. ही पलायनाची कथा म्हणून सांगितली जाते. मला ती वाचनाची कथा वाटते : एका शब्दाचे खरे वाचन केल्यामुळे ज्याला पूर्वीच्या जागी उभे राहता आले नाही, अशा माणसाची.

परंतु या कथेने आपल्या वाङ्मयेतिहासाला एक सवयही लावली. जो निघून गेला तो कवी, जो थांबला तो संसारी, अशी विभागणी आपण न बोलता स्वीकारली. थोरले गंगाधरपंत जांबेतच राहिले. घर, आई आणि घराण्याचे जे काही होते ते त्यांनी सांभाळले. आणि त्यांनीही लिहिले. ‘भक्तिरहस्य’ हा त्यांचा ग्रंथ. ‘दासबोधा’च्या शेजारी तो ठेवून त्याचे मूल्य वाढवण्याचा माझा हेतू नाही, वाङ्मयीन दृष्ट्या दोहोंत फार मोठे अंतर आहे. पण थांबलेल्या माणसाच्या लेखनाकडे पाहण्याची पद्धतच आपल्यापाशी नाही, ही गोष्ट मला विद्यार्थिदशेतच खटकू लागली होती.

३

तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठातून मी १९९१ साली मराठी विषयात एम. ए. झालो. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. तो काळ वैचारिक दृष्ट्या गजबजलेला होता. भालचंद्र नेमाडे यांचा ‘टीकास्वयंवर’ १९९० मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. देशीयतेवर वसतिगृहात रात्ररात्र वाद चालत. दुसऱ्या बाजूने संरचनावाद आणि विरचनावाद यांची परिभाषा भाषांतरांतून येत होती. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चळवळींनी ‘कोणाचे साहित्य’ हा प्रश्न अगोदरच विचारून ठेवला होता. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला हे सारे एकाच वेळी मिळत होते, आणि आपण या वादांत भाग घेऊ शकतो ही जाणीव जमिनीच्या तुकड्यापेक्षा मोठी मिळकत वाटे.

पीएच. डी. साठी मी विषय घेतला तो रामदासांच्या वाङ्मयविचाराचा. ‘दासबोध’ वीस दशकांचा आणि दोनशे समासांचा ग्रंथ. त्यातील चौदाव्या दशकाचा तिसरा समास कवित्वकळेचा आणि एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा; या दोहोंना केंद्रस्थानी ठेवून मांडणी करावी असा बेत होता. कवित्वकळेच्या समासात रामदास कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार करतात. मनात येईल ते बेधडक रचणे हे धीट. पुष्कळ ग्रंथ धुंडाळून त्यांच्यासारखे रचणे हे पाठ. आणि भक्तीच्या अनुभवातून आपोआप उमटते ते प्रासादिक. या त्रयीची चर्चा बहुधा प्रासादिकाच्या दिशेने होते. मला अधिक महत्त्वाचे वाटले ते ‘पाठ’. रामदासांनी येथे निर्मितीच्या एका प्रकाराला नाव दिले आहे : जी भाषा शिकलेली आहे, पण स्वतःची झालेली नाही, तिच्यात केलेली रचना.

लेखनक्रियेचा समास तर जगातल्या कोणत्याही साहित्यशास्त्रात विरळाच सापडावा असा आहे. अक्षर कसे काढावे, ओळी सरळ कशा ठेवाव्यात, काना-मात्रा-वेलांटी कशी असावी, ग्रंथाच्या आरंभापासून शेवटापर्यंत अक्षराचे वळण एकच कसे राहावे, हे रामदास सांगतात. तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, हा त्यांचा सल्ला. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, हाही त्यांचाच. येथे मला कुलकर्ण्याचे घर दिसले. दप्तर सांभाळणाऱ्या घराण्याचा मुलगा मांडवातून निघून गेला, पण दप्तराची शिस्त त्याच्या बोटांतून गेली नाही. टाकून दिलेली वृत्ती ग्रंथाच्या अंगात शिल्लक राहिली, असे माझे अनुमान होते, आणि प्रबंधाचे मध्यवर्ती प्रतिपादनही तेच असणार होते.

या समासाचा आरंभ ब्राह्मणाला उद्देशून आहे, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नव्हते. लेखनाचा हा पाठ मला उद्देशून दिलेला नव्हता. दुसऱ्याच्या खांद्यावरून वाकून तो मी वाचीत होतो. शिवाय कुलकर्ण्याच्या लेखणीकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले गेले होते. जोतीराव फुले यांनी १८६९ च्या ‘ब्राह्मणांचे कसब’मध्ये आणि १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या अज्ञानाचा आणि लिहिणाऱ्याच्या सत्तेचा जो संबंध दाखवला, तो आमच्या घरात वाचल्याशिवायच ठाऊक होता. नेमके अक्षर हे ज्ञानाचे साधन आहे आणि वर्चस्वाचेही, या दोन्ही गोष्टी एकाच प्रबंधात कशा मांडाव्यात, हा माझ्यापुढचा खरा पेच होता.

हस्तलिखितांसाठी मी मोडी शिकलो आणि धुळ्याला जाऊन आलो. शंकर श्रीकृष्ण देव व्यवसायाने वकील. त्यांनी मठामठांतून रामदासी बाडे गोळा केली, आणि डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून ‘दासबोध’ छापला. मराठी पाठसंशोधनाचे हे थोर काम प्राध्यापकाने केलेले नाही, ही बाब तेव्हा टिपणवहीत मी सहज नोंदवून ठेवली होती.

४

१९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी अधिव्याख्यातापदासाठी नेट परीक्षेची अट आली. त्याच सुमारास विनाअनुदानित महाविद्यालये वाढत होती आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची एक मोठी पिढी तयार होत होती. मीही एका महाविद्यालयात दोन वर्षे तासिकांवर शिकवले. कायम जागेसाठी काय करावे लागेल हे मला तेथे आडवळणाने सुचवण्यात आले. या गोष्टीचा उल्लेख करून मी पुढे जातो, कारण निर्णयाचे कारण म्हणून ती पुढे केली तर त्या निर्णयाला फुकटची नैतिक प्रतिष्ठा मिळेल. रक्कम मागितली गेली नसती तरी मी काय केले असते, हाच विचारार्ह प्रश्न आहे.

दोन गोष्टी एकमेकींजवळ आल्या. पहिली अशी की तासिकांच्या त्या दोन वर्षांत मी चार निबंध लिहिले, तीन चर्चासत्रांत वाचले, आणि त्यांचे बऱ्यापैकी स्वागत झाले. ते पुन्हा वाचताना मला रामदासांची त्रयी आठवत राही. संज्ञा योग्य होत्या, अवतरणे योग्य ठिकाणी होती, वाक्यांना विद्वत्तेचा पोत होता. पण ते लेखन ‘पाठ’ जातीचे होते. यात लाजण्यासारखे काही नव्हते. प्रत्येक विद्याशाखेत पाठ लेखनाचा एक मोठा थर असतो आणि त्याच्याच आधाराने ती शाखा उभी राहते. प्रश्न एवढाच होता की हे लेखन प्रासादिक नाही तरी निदान धीट व्हावे, यासाठी मला ज्या प्रकारच्या अनुभवाची गरज होती, तो वर्गात आणि ग्रंथालयात मिळणार होता काय?

दुसरी गोष्ट घरची. आजोबा वारून अकरा वर्षे झाली होती, तरी सातबारावर त्यांचेच नाव होते. वारसाची नोंद व्हावी म्हणून वडिलांनी तलाठ्याकडे अनेक खेपा घातल्या होत्या. एका सुट्टीत त्यांनी तो उतारा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “तुम्ही मराठीचे एम. ए. हाव, हे मराठीच हाय, वाचून सांगा.” लेकाला ‘तुम्ही’ म्हणण्यात उपहास नव्हता, शिकलेल्या मुलाशी ते असेच बोलत. मी उतारा वाचला. ‘भोगवटादार’, ‘इतर हक्क’, ‘पोटखराब’, ‘आकार’, फेरफाराचा क्रमांक आणि त्याभोवतीचे वर्तुळ. प्रत्येक शब्द मराठी होता आणि संपूर्ण संहिता मला बंद होती. संहिता, संकेतव्यवस्था, वाचकाची क्षमता या विषयांवर मी वर्गात तास घेत होतो, आणि माझ्या घराचे अस्तित्व ज्या एका पानावर उभे होते ते मला वाचता येत नव्हते.

या प्रसंगाने डोळे उघडले वगैरे म्हणणे नाटकी होईल. पण त्यानंतर मी गाव नमुन्यांचा अभ्यास सुरू केला तो प्रबंधाच्या उत्सुकतेनेच. नमुना सहा फेरफारांचा, सात अधिकार अभिलेखाचा, आठ-अ खातेदारांचा, बारा पिकांचा. ही एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या संहितांची व्यवस्था आहे, आणि एका संहितेतील चूक सर्वत्र पसरते. जांबच्या ठोसरांच्या घरातही असेच काहीतरी दप्तर असेल, असा विचार येई. १९९५ साली जिल्ह्याच्या निवड यादीत माझे नाव आले, तेव्हा पीएच. डी. ची नोंदणी चालू होती, मार्गदर्शकांचा विश्वास होता, आणि मुदतवाढही मिळाली असती. मी सज्जावर रुजू झालो. रामदास ज्या वृत्तीतून निघून गेले, तिच्याच आधुनिक वारसाकडे मी निघालो होतो. आणि ती वतन राहिली नव्हती म्हणूनच माझ्यासारख्याला तेथे जाता येत होते, याची मला पुरती जाणीव होती. मराठवाड्यात निजामी अमलात ज्याला पटवारी म्हणत त्याची वंशपरंपरा संपली, परीक्षा देऊन कोणीही लेखणी हातात घेऊ शकेल अशी स्थिती आली. तिचा लाभ घेणे हेही मला एक प्रकारचे उत्तर वाटले.

५

या नोकरीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तलाठी या पदाविषयी गावात जो अविश्वास आहे त्याला मोठा इतिहास आहे, आणि तो सगळाच जुना नाही. आता या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे; नाव बदलल्याने तो अविश्वास जाईल असे नाही. मी तीस वर्षे ज्या कागदांत राहिलो त्यांचा साहित्याशी थेट संबंध नव्हता. तरीही वाचनाविषयी मी जे काही शिकलो ते बहुतांशी तेथेच, म्हणून दोन प्रकरणे नमूद करतो.

पहिले आत्महत्येच्या चौकशीचे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. टँकरने पाणी घालून झाडे जगवणारे शेतकरी एका टप्प्यावर थांबले, आणि काहींनी स्वतःच्या हातांनी बागा तोडल्या. त्यांचे पंचनामे मी लिहिले. त्याआधीपासून आणि त्यानंतरही जी घरे कर्त्या माणसाला मुकली, त्यांच्याकडे चौकशीसाठी जाणे हे कामाचा भाग होते. शासनाच्या एक लाख रुपयांच्या साहाय्यासाठी नापिकी, कर्जाची थकबाकी, वसुलीचा तगादा असे निकष असतात. प्रकरण पात्र की अपात्र हे समिती ठरवते आणि समितीपुढे खालून आलेला अहवाल असतो. मृत माणसाच्या कृतीमागचा हेतू लिहा, असे तो नमुना सांगत असतो.

विमसॅट आणि बीअर्ड्‌स्ली यांनी १९४६ साली लेखकाच्या हेतूवरून कृतीचा अर्थ ठरवण्यातील भ्रम दाखवला. एम. ए. च्या वर्गात तो सिद्धान्त मला मुक्तिदायक वाटला होता. त्या घरांत बसताना हेतूचा प्रश्न टाळण्याचा अधिकार मला नव्हता, आणि तो जाणून घेण्याचे साधनही नव्हते. घरचे सांगत ते एक, शेजारी सांगत ते दुसरे, बँकेचा कागद तिसरेच. अशा वेळी जे दिसले ते आणि जे सांगितले गेले ते वेगवेगळ्या वाक्यांत लिहावे, दोहोंना जोडणारे ‘म्हणून’ आपल्या पदरचे घालू नये, इतके मी शिकलो. वरिष्ठांना तो ‘म्हणून’ कधी हवा असे, कधी नको असे. पण एका उभयान्वयी अव्ययावर एखाद्या विधवेचे पुढचे वर्ष अवलंबून असू शकते, हे मला कोणत्याही शैलीविज्ञानाने सांगितले नव्हते. ज्या घरात निकषाचे कागद पुरेसे बोलत होते तेथे मी ते सगळे क्रमाने लावून दिले. तेथेही लेखणीने काम केले, पण अर्थ लादून नव्हे.

दुसरे प्रकरण जुन्या नोंदींचे. २०२३ च्या सप्टेंबरात अंबड तालुक्यातील आंतरवाली सराटी हे गाव देशभर माहीत झाले. मराठा आरक्षणाच्या त्या आंदोलनानंतर शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. या नोंदींपैकी कितीतरी मोडीत आणि उर्दूत. मोडी वाचणारे हात थोडे. महसूल खात्यात असूनही मोडी येते म्हणून मला बोलावणे आले. प्रबंधासाठी शिकलेली लिपी अठ्ठावीस-तीस वर्षांनी अशी उपयोगी पडली.

एका जीर्ण पानावर एका नावापुढे ‘कु’ एवढेच अक्षर उरले होते; पुढचा कागद कसरीने खाल्लेला. ते कुणबी असू शकत होते, कुलकर्णी असू शकत होते, आणखीही काही असू शकत होते. बाहेर त्या घराण्यातली दोन मुले उभी होती. त्यांतला एक पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. वरच्या-खालच्या नोंदी, त्याच हाताने लिहिलेली इतर पाने, जमिनीचा प्रकार, हे सारे ताडून पाहिले. संदर्भ एका अर्थाकडे झुकत होता, पण पाठ त्याला पुरेसा आधार देत नव्हता. ‘पुढील अक्षरे नष्ट’ असे मी टिपणात लिहिले, आणि त्याखाली जुळणाऱ्या इतर नोंदींचे संदर्भ स्वतंत्रपणे दिले, म्हणजे पुढे ज्याला निर्णय घ्यावयाचा आहे त्याला त्या पाहता येतील. मुले निराश झाली, रागावलीही. त्यांच्या रागाला मी उत्तर दिले नाही, कारण त्यांच्या जागी मी असतो तर मलाही उत्तर पटले नसते. त्या पानाला समास सोडलेला नव्हता. कागद झडला तरी अक्षर राहील अशी जागा सोडावी, हा रामदासांचा उपदेश त्या लेखनिकापर्यंत पोहोचला असता, तर एका मुलाच्या आयुष्यातला प्रश्न कदाचित एका अक्षराने सुटला असता. माझ्या न लिहिलेल्या प्रबंधात या उपदेशावर ‘दप्तरी संस्कार’ या मथळ्याखाली एक परिच्छेद असणार होता. तो परिच्छेद बरोबरच ठरला असता. पण त्या उपदेशात किती माणसे अडकलेली असतात हे त्यात आले नसते.

६

यावरून समीक्षेच्या व्यवसायाविरुद्ध निष्कर्ष काढावा असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. विद्यापीठाबाहेर राहून मोठे काम करणाऱ्यांची नावे आपण अभिमानाने घेतो. रा. चिं. ढेरे, दुर्गा भागवत. आमच्या मराठवाड्यापुरते बोलायचे तर हैदराबादच्या मुलकी सेवेत राहून इतिहासलेखन करणारे सेतुमाधवराव पगडी. पण ही नावे अपवादाची आहेत, आणि अपवादांच्या बळावर व्यवस्थेची गरज नाकारता येत नाही. चिकित्सक आवृत्त्या, सूची, कोश, आणि मुख्य म्हणजे वर्गातला विद्यार्थी, हे सर्व व्यवसायातूनच शक्य होते. मी जे सोडले त्याची किंमत मला ठाऊक आहे. ती किंमत मानधनाची किंवा प्रतिष्ठेची नव्हे. तीस वर्षांत माझ्या वाचनाला प्रश्न विचारणारा एकही विद्यार्थी मला मिळाला नाही. एकट्याने केलेले वाचन हळूहळू स्वतःलाच दुजोरा देऊ लागते; त्याला आडवे जाणारे कोणी लागते. सज्जावर सातबारा मागायला येणारा माणूस अडवतो, पण वेगळ्या जागी अडवतो.

म्हणून व्यवसाय सोडणे हा त्याग नव्हे आणि शहाणपणाही नव्हे; तो वृत्तीचा भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेणे आहे. बाल नारायणाने ‘सावधान’ ऐकले आणि तो निघाला. गंगाधरपंतांनीही तोच शब्द त्याच मांडवात ऐकला असणार, आणि ते थांबले. त्यांनी तो ऐकला नाही असे मानण्याला काही आधार नाही. कदाचित त्यांनी त्याचा दुसरा अर्थ घेतला असेल : जे हाती आहे त्याच्याविषयी सावध असणे. एका शब्दाची ही दोन वाचने परस्परविरोधी नाहीत, पण वाङ्मयेतिहासाने त्यांतले एकच नोंदवले आहे.

आज ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवर आपल्या पिकाची नोंद करतो; २०२१ पासून ही पद्धत राज्यभर आली आहे. नमुना बाराचा लेखक बदलला. ज्याच्याविषयी चारशे वर्षे दुसऱ्याने लिहिले, तो आपल्या शेताविषयी एक ओळ का होईना स्वतः भरू लागला. त्या ओळीत चुका असतात, पिकांची नावे सूचीत सापडत नाहीत, मिश्र पीक कसे दाखवावे हे कळत नाही, आणि मग तो कोणाला तरी विचारतो. या लेखनाचे वाचन कोण करणार, आणि कोणत्या पद्धतीने, हा प्रश्न मला आपल्या विद्यापीठीय विभागांपुढे ठेवावासा वाटतो. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संहिता म्हणून काव्य-कादंबरी असावीच. पण फेरफाराची एक नोंद, एक पंचनामा, एक मोडी पान हेही विद्यार्थ्यापुढे संहिता म्हणून ठेवून पाहावे. धीट, पाठ आणि प्रासादिक या भेदांची तेथे जितकी कठोर परीक्षा होईल तितकी चर्चासत्रात होत नाही. आणि असा विद्यार्थी पुढे प्राध्यापक झाला काय किंवा ग्राम महसूल अधिकारी झाला काय, ‘वृत्ती’ या शब्दाचे चारही अर्थ त्याच्यापाशी एकत्र राहण्याची शक्यता तरी निर्माण होईल.